व्हाळावरची बेवारस सावली

शांतू, आधी एक तक्रार. तू नीट पेटला नाहीस.

आता तू म्हणशील, "झाल्यो भिकूच्यो गजाली सुरू! माझी राख निवाक नाय हा अजून." नाही रे बाबा. आयुष्यभर मी हाटेलात बसून थापा मारल्या, हे गावाला ठाऊक आहे, तुला तर पाठ आहे. माझ्या आजोबांनी आचऱ्याच्या बंदरात एका हातानं गलबत थोपवलं, माझ्या कोंबडीनं एकदा नारळ उबवला आणि आतून चोच ऐकू आली, सगळं मी सांगितलं आणि लोकांनी चहाबरोबर गिळलं. पण आज लिहितोय त्यात चिमूटभरही मीठ घातलेलं नाही. घालायला जागाच ठेवली नाही मेल्यांनी.

दुपारभर तू नुसता धुमसत होतास. रॉकेल ओतलं, करवंट्या टाकल्या, कुणाच्या तरी घरातून जुनी खिडकी आणून घातली. धूर असा की पलीकडच्या वाडीतले लोक काजूच्या बागेला आग लागली म्हणून कळश्या घेऊन धावत आले. (बरं, दोघेच आले, आणि कळशी एकाकडेच होती. बघ, सवय जात नाही.) एक शहाणा म्हणाला, टायर आणू या. मी म्हटलं, "खबरदार! जन्मभर एसटी चालवलेलो माणूस, तेका टायरार घालून धाडतास?" मग आप्पा गावकर, आपले थोरले मानकरी, डोळे पुसत म्हणाले, "शांतू जितोपणी पण असोच होतो. कोणाचा ऐकूचो नाय." सगळे हसले. स्मशानात माणसं हसायला किती उतावीळ असतात!

लाकूड ओलं होतं, म्हणून तू पेटत नव्हतास. ते ओलं का होतं आणि कुठून आलं होतं, तेच सांगायला बसलोय. तुला नव्हे, तुला सगळं कळलेलं असणार. गावाला. पण गावाशी सरळ बोलायची मला शिसारी आली आहे. म्हणून मी तुझ्याशी बोलतो, त्यांनी कुडाआडून ऐकावं. गावात नाहीतरी सगळं तसंच ऐकतात.

अठ्ठ्याण्णव साली कंबर गेली म्हणून तू स्टिअरिंग सोडून घरी आलास. आम्हाला वाटलं, आता शांताराम अंगणात खुर्ची टाकून बसेल, घाटातल्या भुतांच्या गोष्टी सांगेल आणि माझा धंदा बुडवेल. तू कसला बसतोस! दुसऱ्याच दिवशी भर दुपारी हाटेलात आलास, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि गिऱ्हाइकांसमोर मला विचारलंस, "भिकू, देवाच्या कोंडीतला पाणी हून कसा लागता रे?"

"तू इलस तेची ऊब लागली तेका," मी म्हटलं.

"मस्करी करू नको. चल."

हात धरून ओढत नेलंस मला. देवळाखालची ती कोंड, डोंगरातून आलेला व्हाळ जिथे थांबून श्वास घेतो, ती आपल्या पोरवयातली राजधानी. त्यातले खवळे मासे देवाचे. त्यांना गळ लावायचा नाही, मूठभर तांदूळ टाकायचे आणि पाठी चमकताना बघायच्या. वैशाखात बुडी मारली तर ओठ निळे व्हायचे. माझ्या काकाचे दात त्या पाण्यात असे वाजायचे की आरती सुरू झाली समजून गुरव धावत यायचा. तेव्हा व्हाळाच्या दोन्ही काठांना भेंड, करंज, जांभूळ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असत, आणि खाली शेरणी, ते पाण्यात पाय सोडून बसणारं झुडूप, जे पुरात आडवं होतं पण उखडत नाही. त्या दिवशी आपण गेलो तेव्हा कोंडीवर एक म्हातारा भेंड उरला होता. बाकी उघडा काठ, खुरांनी कालवलेला चिखल आणि वीतभर खोल, अंगणाएवढं पसरलेलं पाणी.

"पाय घाल," तू म्हणालास.

"कित्याक?"

"घाल मरे. एक भेंडाखाली, एक थय."

मी घातले. डावा पाय म्हणाला मार्गशीर्ष, उजवा म्हणाला वैशाख. मी तुला तसं सांगितलंसुद्धा, आणि तू एवढा खूश झालास की मला वाटलं आता मिठी मारतोस. पुढं गावात जो भेटेल त्याला तू धरून आणलंस. पोस्टमन, शाळेतल्या बाई, लग्नाला आलेले पाहुणे, सगळ्यांना एकच, "पाय घाल." लोक म्हणायचे, शांतूला देवचार लागला. लागला असता तर बरं झालं असतं. देवचाराला नारळ देऊन परतवता येतं.

तुझं म्हणणं साधं होतं. पुस्तकातलं नव्हे, एसटीतलं. "रेडिएटरातला पाणी कमी झाला की गाडी तापता. हयसर तोच प्रकार. व्हाळ खोल होतो, चिंचोळो होतो. भात कापून झाला की गावान दावी सोडली, गुरां व्हाळार. काठ तुडवल्यानी, माती कोसाळली, पाणी पसारला, पातळ झाला. वर सावली नाय. तापतला नाय तर काय?" आणि मग बोट वर करून, घाटात वळण घेताना हॉर्न मारावा तसं, "म्हाताऱ्या झाडांका कोण खाणा नाय. पण नवा रुजला की गुरां खातत. म्हातारा मरता, तरणा उरणा नाय. सावली तयार खंयसून होतली?"

मी म्हटलं, "गुरां काय काल जन्माक इली? आपल्या पणजोबाचीं गुरां पण हयच पाणी पियत. तेव्हा तापला नाय, मग आता गायचो दोष कसो? दोष कोयतीचो. माणूस तोडता."

"कोयती वरसाक एकदा येता. गुरां दिसाक दोनदा."

"गाय पान खाता. कोयती झाड खाता."

"आणि पान खाल्ल्यार झाड खंयसून येतला, गाढवा?"

हा आपला वाद. अकरा वर्षं चालला. माझ्या हाटेलातल्या बाकाची दोन फळकुटं त्यात मोडली, चहा किती आटला त्याची गणती नाही. निकाल लागला नाही. आता कसा लागणार? एक पक्षकारच उठून गेला.

दुसरा वाद माझ्या तोंडाचा. तुझ्या बाजूनं बोलायची माझी एक पद्धत होती. गिऱ्हाईक बसलं की मी सुरू: "काल आप्पांची म्हस व्हाळात बसली ती उठली तेव्हा निम्मी शिजलेली. संध्याकाळी दूध काढल्यानी ते सायीसकट." "कोंडीतले खवळे देवाकडे छत्र्यो मागूक गेले." लोक खो खो हसायचे. तू मात्र कोपऱ्यात बसून लाल व्हायचास. एकदा सगळे गेल्यावर ग्लास आपटलास. "भिकू, तू खोटा सांगतस म्हणान लोक हसतत. मगे मी खरा सांगतंय तेका पण हसतत."

"अरे, हसूक तरी जमतत. तुझा भाषण ऐकूक कुत्रा येणा नाय."

"शिरा पडो तुझ्या तोंडार," तू म्हणालास आणि चहाचे पैसे न देता गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या कपाला हजर. तुझ्या शिव्या मला जपून ठेवता आल्या असत्या तर मी त्या आंब्यासारख्या अढीत घातल्या असत्या.

पण खरं सांगू, माझी थट्टा आणि तुझं भाषण, दोन्ही मिळून गाव हललं. देवळात कौल लावायचं ठरलं. आठवतं ना? मूर्तीच्या छातीवर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या कोंडीचा पाणी तापला असा आमचो शांताराम म्हणता. काठाक वई घालून गुरां भायर ठेवची आसत. तुझो हुकूम आसात तर उजवी दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळा सभामंडप घुमला. आणि पाकळी पडली, उजवी! तुझ्या घराण्याकडे पालखीवर अब्दागीर, ती देवाची छत्री, धरायचा मान. तू ती अब्दागीर हातात घेऊन उभा होतास आणि ती तशीच घेऊन कोंडीकडे निघालास. 

मग ते मोठं काम. वई घालायची म्हणजे आपल्या गावाच्या हातातला मळ. खुंट, वर आडव्या काठ्या, मध्ये काटेरी शिरडी, सुंभानं आवळलं की बैलही डोकं घालत नाही. ठरल्या सकाळी घरटी एक माणूस कोयती घेऊन व्हाळावर. सुंभ कमी पडेल म्हणून तू पहिल्या गाडीनं आचऱ्याला गेलास. मी चहाची किटली घेऊन मागाहून पोचणार होतो, पण त्या दिवशी हाटेलात वऱ्हाड उतरलं. तू दुपारच्या गाडीनं उतरलास, खांद्यावर सुंभाची गुंडाळी, आणि आपण दोघं बरोबरच गेलो.

वई उभी होती. काय वई! इतकी सुरेख वई मी जन्मात पाहिली नाही. सरळ रेषेत, कोंडीपासून वरच्या वळणापर्यंत. आणि आत, शांतू, आत ऊन होतं. नुसतं ऊन. खुंटांसाठी लांब कशाला जा? काठावरच तर उभे होते. वरच्या वळणाजवळ उरलीसुरली होती ती भेंडं, करंजं, शेरणीची सगळी बेटं, केतकीसुद्धा, सगळं कापून त्याचीच वई केली होती. तो शेवटचा म्हातारा भेंड कोपऱ्याचा खांब झाला होता. व्हाळाचं रक्षण करायला व्हाळाचीच कातडी सोलून त्याच्याभोवती गुंडाळली. आणि सगळे घामानं निथळत, पोरं परीक्षेत पास झाल्यासारखी, तुझ्याकडे बघत होते.

"कशी झाली, शांतू?" आप्पांनी विचारलं. "गुरां सोड, वारो भितर जावचो नाय."

त्यांच्यात एकही लबाड नव्हता, हेच तर दुःख आहे. लबाड असता तर त्याला शिवी देऊन मोकळे झालो असतो. त्यांना वई घालायला सांगितली होती, त्यांनी वई घातली. आपल्या बापजाद्यांनी वईचा खुंट जवळच्या झाडाचाच काढला. तू सुंभ खाली ठेवलंस, वईतून वाकून आत गेलास आणि पाण्यात पाय घालून उभा राहिलास. कुणाला हाक नाही, "पाय घाल" नाही. मी वऱ्हाडाला वाढत बसलो नसतो तर, असं पुष्कळ वर्षं मनात यायचं. पण मी असतो तरी त्यांनी माझं बोलणं गजालच समजलं असतं.

मी मात्र तुझ्या कानाशी म्हटलं, "बघलस? कोयती." वादात जिंकायची हीच वेळ सापडली मला! तू वळून बघितलंस तेव्हा तुझा चेहरा... जाऊ दे. ते मी मीठ न घालता सांगू शकत नाही.

शिमग्याआधी खवळे तरंगले. पांढरी पोटं वर करून, देवळाच्या पायरीपाशी. वास गाभाऱ्यापर्यंत. आणि गाव काय म्हणालं? पाणी तापलं, असं नाही म्हणालं. म्हणालं, देवाच्या पाण्याला वई घातली म्हणून देव कोपला. वई कुणी मागितली? शांतूनं. कौलातली उजवी पाकळी विसरले, हातातल्या कोयत्या विसरले. होळीला लाकडं चोरायची रीत, तेव्हा पोरांनी ती वई उपटून होळीत घातली, आणि तीच होळी आप्पांनी पुजली. दुसऱ्या दिवसापासून गुरं पुन्हा पाण्यात. पालखीची अब्दागीर दुसऱ्या घराकडे गेली. "एक वरीस," आप्पा म्हणाले, "लोकांचा मन निवळासर." ते एक वर्ष तू जिवंत असेपर्यंत संपलं नाही.

देवावर सावली धरायचा मान काढून घेतला, तर तू देवाच्या पाण्यावर सावली धरायला गेलास. एकटा. मृगात भेंडाच्या फांद्या तोडून खोचायचास, शेरणीची बुडखं दुसऱ्या गावच्या व्हाळातून गोणपाटात आणायचास. पहिल्या वर्षी निम्मी पुरानं नेली, निम्मी गुरांनी. दुसऱ्या वर्षी तू एसटीचा जुना भोंगा कुठूनसा पैदा केलास आणि गुरं दिसली की वाजवायचास. गाय बिचारी बाजूला व्हायची आणि वरच्या रस्त्यावर लोक गाडी आली म्हणून पिशव्या उचलायचे. हे खरं आहे. मी स्वतः एकदा उचलली. आणि तुझी तांबू! सगळ्या गावात दाव्याला बांधलेली एकच गाय. रोज कमरेला पट्टा बांधून तू तिच्यासाठी चारा कापायचास. लोक म्हणायचे, गायीला कैदेत ठेवलंय, पाप लागेल. वयनी एकदा मला म्हणाली, "भावजींनू, ह्यांका सांगा. माका दिवसातून एक गवताची काडी कधी दिल्यानी नाय, ती तांबूक भारो." आणि हसली. वयनी तेव्हा हसायची.

मग एका वैशाखात तू हाटेलात येऊन माझा हात धरलास. मी समजलो. गेलो. दोन्ही काठ मिटले होते. भेंडाची पिवळी फुलं पाण्यात पडून संध्याकाळपर्यंत तांबडी होत होती. शेरणीनं माती धरली होती, पाणी पुन्हा चिंचोळं, खोल, काळं. कोंडीत खवळ्याची एक पाठ हलली. कुठून वर चढून आली देव जाणे. मी दोन्ही पाय घातले. "मार्गशीर्ष," मी म्हटलं, "दोन्ही." तू नाक शिंकरत बाजूला बघत राहिलास.

गाव काय म्हणालं? "देवाची कृपा." व्हय म्हाराजा!

गेल्या महिन्यात मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, शांतूच्या सावलीत पाणी इतकं गार झालंय की खवळ्यांना सर्दी झाली, शिंकताना लाटा उठतात. तू कोपऱ्यात होतास. आणि तू हसलास. पहिल्यांदा! चहा नाकात जाईपर्यंत. मग डोळे पुसत विचारलंस, "भिकू, माझ्या मागसून ह्या कोण बघतलो रे?"

मी म्हटलं, "तू मरतस खंय? यम इलो तर तेका पण म्हणशीत, पाय घाल."

एवढंच बोललो. 'मी आसंय' हे दोन शब्द होते. तोंडाशी आले होते, पण ते खरे होते ना, म्हणून माझ्या तोंडाला सवयीचे नव्हते.

तू व्हाळावरच पडलास, उजाडताच, भोंग्यावर हात ठेवून. वयनीला सांगायला दुसरे गेले. मी तुझं कापड आणि मडकं आणायला आचऱ्याला गेलो. तोच रस्ता, तीच पहिली गाडी. तुझ्या पाठीमागून सुंभाच्या दिवशी जे झालं तेच माझ्या पाठीमागून झालं.

आपल्याकडे माणूस गेला की वाडीतले चारजण कुऱ्हाड घेऊन निघतात आणि आंबा पाडतात; आंबा ओलाही पेटतो. पण कुणाचा? आंबे पाडाला लागलेले. एकाचं कलम बँकेला दाखवलेलं, दुसऱ्याचं जावयाला दिलेलं, तिसऱ्यानं म्हणे फवारणी आत्ताच केली होती. घराघराच्या मांगरात पावसाळ्याची सुकी लाकडं छपरापर्यंत रचलेली, पण ती पावसाळ्याची. मला हे सगळं नंतर तुझ्या पुतण्यानं रडत सांगितलं. तेव्हा आप्पांना सुचलं: "व्हाळावरची झाडां आसत मां? ती खंय कोणाची आसत?" खरंच की! ती कुणाचीच नव्हती. गावाच्या जागेत, सातबाऱ्यावर नाव नाही, लावणारा तर आडवा पडलेला. स्मशानही व्हाळावरच, वाहायचे कष्ट नाहीत. रांगच्या रांग आडवी केली.

मी आलो तेव्हा तू वर निजला होतास आणि तुझ्या पायाशी एका ओंडक्याला पिवळं फूल होतं. ताजं. भेंडाचं. शांतू, मी, ज्याचं तोंड उभ्या गावाला बंद करता आलं नाही, मी गप्प उभा राहिलो. काय बोलणार? 'उतरवा त्याला' म्हणू?

आणि मग ती आंघोळ. तुला अग्नी देऊन सगळे रीतीप्रमाणे तिथंच व्हाळात उतरले. वर आकाश उघडं, दुपारभर पाण्यावर ऊन. आप्पांनी डोक्यावर तांब्या ओतला, थांबले, दुसऱ्याला म्हणाले, "आज पाणी कसा हून लागता रे?"

मी ऐकलं. देवाशपथ ऐकलं. दुसऱ्यानं अंगाला साबण लावला.

दहाव्याला आम्ही तिथंच जमलो. तुझ्या पुतण्यानं पिंड मांडले. कावळा येईना. मग नेहमीचं सुरू झालं, मेलेल्याला जिवंतांची आश्वासनं. पुतण्या म्हणाला, काका, काकीला अंतर देणार नाही. कावळा नाही. आप्पा पुढं झाले, "शांतू, अब्दागिरीचो मान तुझ्या घराक परत दिलंव." कावळा नाही. आता लोकांना घाम फुटला. तुला आणखी काय हवं असेल, घर शाकारायचं का, विहीर उपसायची का, एकेकजण आठवून बोलू लागला. बोलले नाहीत ती एकच गोष्ट.

मी म्हटलं, "आप्पानू, गुरां बांधून घालतंव म्हणान सांगा. खोडां फुटासर. बघा कावळो येता काय नाय तो."

आप्पा म्हणाले, "भिकू, ही जागा मस्करीची नाय."

"मस्करी मी करणंय नाय."

"एका माणसाच्या पिंडासाठी सगळ्या गावान गुरां बांधूची?"

"नाय. कोंडीसाठी. देवाची आसा, तुमचीच."

ते पाण्याकडे बघत राहिले. मला एक क्षण वाटलं, म्हणतायत. ओठ हलले होते. तेवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटलं, "कावळो पण काय करीत? बसाक झाड खंय आसा?" आणि तो पुटपुटणारा मी नव्हतो, शांतू. मी असतो तर छातीवर हात मारून सांगितलं असतं.

मग वरून खुरांचा आवाज आला. तांबू. गळ्यात तुटकं दावं. तुझ्या घरात सुतक, वयनी अंथरुणाला खिळलेली. दहा दिवस तांबूला कुणी धड चारा घातला नव्हता. ती जन्मात पहिल्यांदा मोकळी सुटली आणि जिथं झाडं तोडून वाट झाली होती तिथून सरळ खाली उतरली. माणसांच्या मधून आली, मान खाली घातली आणि तुझे पिंड खाल्ले. सगळे. केळीच्या पानासकट.

भटजींनी आधी आप्पांकडे बघितलं, मग हात जोडले. "गोमुखी गेला! ह्याच्याहून चांगला काय?" सगळ्यांचे हात जुळले. आप्पा खरोखर रडले, हुंदके देऊन. "शांतूचो आत्मो तृप्त झालो." आता आश्वासनाची गरज उरली नव्हती. मंडळी पटापट आंघोळी करून वर गेली. घरी जेवण वाट बघत होतं. जाताना एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भिकू, ह्या हाटेलात सांगशीत तर कोण विश्वास ठेवूचो नाय."

मी आणि तांबू उरलो. भेंडाच्या बुंध्यांना कोंब फुटत होते, तांबूस, नखाएवढे. तुझी गाय एकेक हुंगत गेली आणि जिभेनं एकेक उचलत गेली. मी ओरडलो नाही. भूक लागली होती तिला. मी फक्त तुला विचारतो, आता कोण जिंकलं? कोयती की गाय? सांग की. आता गप्प बसतोस होय!

तांबू माझ्याकडे आहे. हाटेलाच्या मागं, दाव्याला. मी, ज्यानं आयुष्यात वेलची सोडून काही सोललं नाही, रोज सकाळी विळा घेऊन चारा कापतो आणि कंबर धरून परत येतो. लोक विचारतात, "काय भिकू, शांतूचो देवचार तुका लागलो?" मी थाप मारत नाही. व्हय म्हणतो. गावात बांधलेली गाय अजून एकच आहे. बाकी सगळी व्हाळावर आहेत, तुझ्या बुंध्यांवर. खवळे पहाटेला तोंड पाण्याबाहेर काढून असतात.

तुझा भोंगा मला मिळाला. वाजवता येत नाही, मुठीत जोर नाही. तरी दुपारी जातो, गुरांवर दगड भिरकावतो, शिव्या घालतो, मग लेंगा वर करून पाण्यात उतरतो. कुणी हात धरून आणलेलं नसतं. काल असाच उभा राहिलो, एक पाय भेंड होता तिथं, तुझ्या जुन्या जागेवर, एक उघड्यावर.

दोन्ही वैशाख म्हणाले, शांतू.